आतल्या झाकणावरचं नाव

दुसऱ्याचं सोनं हाताळण्यात भिवा येलवेची चोवीस वर्षं गेली होती, पण ते कधी त्याच्या घरी मुक्कामाला आलं नव्हतं. जानेवारी छप्पनच्या त्या आठवड्यात ते आलं. लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, कौसल्येच्या तांदळाच्या डब्यात सोन्याचं एक खिशातलं घड्याळ तीन दिवस पुरलेलं होतं आणि त्या तीन दिवसांत नवराबायकोपैकी एकाच्याही डोळ्याला डोळा लागला नव्हता.

घड्याळ चोरीचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. भिवा घड्याळजी होता. गिरगावात, खोताच्या वाडीच्या तोंडाशी, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्याची बसायची जागा होती. एक मेज, एक काचेची पेटी आणि वर पाटी, ‘फिरोजशाह, घड्याळजी’. फिरोजशाह म्हणजे भिवाचे उस्ताद. मंडणगडाकडच्या गावाहून सतराव्या वर्षी भिवा मुंबईला आला, तो त्यांच्याकडे झाडलोट करायला. गावात ज्याची सावलीही लोक चुकवत होते त्या महाराच्या मुलाला या पारशाने एके दिवशी समोर बसवलं, हातात चिमटा दिला आणि म्हणाला, “हात हलत नाय तुझा. झाडू ठेव, इथे बस.” चार वर्षांपूर्वी म्हातारा गेला. मागेपुढे कोणी नव्हतं, म्हणून जागा भिवाकडे राहिली. पाटी मात्र त्याने बदलली नाही. का बदलली नाही, ते पुढे येईलच.

सोमवारी रात्री रेडिओवर सांगितलं गेलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती दिल्लीच्या हाताखाली राहणार. मंगळवारी सकाळी गिरगाव रस्त्यावर उतरलं. घोषणा, दगड, अश्रुधूर, मग गोळ्यांचे आवाज. भिवाच्या जागेला दार म्हणून चार फळ्या होत्या. कोणीही लाथ मारली असती तर निखळल्या असत्या. काचेच्या पेटीतली बाकीची घड्याळं त्याने तशीच ठेवली, पण हे एक कमरेला पंच्यात बांधलं आणि गल्लीबोळांतून घर गाठलं. घरी येऊन बघतो तर लालबागही पेटलेलं. त्याच संध्याकाळी कर्फ्यू लागला आणि घड्याळ घरात अडकलं.

आता खरी भीती सुरू झाली. काही ठिकाणी दुकानं फुटली होती. दगड मारणारे आणि लुटलेला माल, दोन्ही शोधायला पोलीस चाळींतून फिरत होते. गुरुवारी समोरची चाळ झाली. ट्रंका उपसल्या, गाद्या उलट्या केल्या. चार पोरांना गाडीत घालून नेलं. उद्या आपली पाळी, हे सगळ्यांना कळत होतं.

“डब्यात हात घातला की माज्या काळजाचा पानी होता,” कौसल्या म्हणाली. “त्यांनी इचारला, ह्या सोन्याचा घड्याल तुमच्या घरात कसा, तर काय सांगनार? दुरुस्तीला आलाय म्हनून? कोन ऐकल?”

“पावती नाय माझ्याकडे,” भिवा म्हणाला.

“तर मग जाव नका भायेर, आनि ता घड्यालपन घरात नको. कसा करायचा ता तुमी बगा.”

दोन्ही एकदम कसं जमणार, हे तिने सांगितलं नाही. शुक्रवारी पोलिसांच्या गाडीवरून पुकारा झाला की बाजारहाटासाठी दुपारी बारा ते तीन कर्फ्यू उठेल. भिवाने तांदळाचा डबा खाली घेतला.

घड्याळ होतंच तसं, की कोणाचीही नियत फिरावी. हाताच्या तळव्याएवढं, कडेला बारीक मोत्यांची रांग, आणि पाठीवर मीनाकामाचं चित्र. चार पांढरे घोडे उधळलेले, मागे सोन्याचा रथ, रथात एक कोवळा मुलगा, त्याच्या हातून लगाम सुटलेले, आणि खाली धरती पेटलेली. भिवाने पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्याला वाटलं, हा सूर्याचा रथ, पण मग घोडे सात हवेत, इथे चारच कसे? मग त्याला फिरोजशाह आठवले. म्हाताऱ्याकडे असल्या घड्याळांच्या चित्रांचं एक जाडं पुस्तक होतं, आणि जेवणाच्या सुट्टीत तो त्यातल्या ग्रीक देवांच्या गोष्टी सांगत असे. सूर्याला एक मुलगा होता. त्याने बापाला कधी पाहिलंच नव्हतं. लोक चिडवायचे, तू कसला सूर्याचा मुलगा! तो बापाकडे गेला आणि म्हणाला, मी तुझा असेन तर एक दिवस तुझा रथ मला हाकू दे. बापाने दिला. घोडे काही त्याला आवरले नाहीत. रथ खाली आला, पृथ्वी जळू लागली, तेव्हा मोठ्या देवाने वीज टाकून मुलालाच मारलं. भिवाला त्या मुलाचं फार वाईट वाटत असे. घोडे आवरले नाहीत म्हणून जीव घ्यायचा, हा कुठला न्याय!

हे घड्याळ गिरगावातल्याच धैर्यवानांचं. जुनं पाठारे प्रभूंचं घराणं, मागच्या रस्त्यावर दुमजली घर. थोरले धैर्यवान एका ग्रीक व्यापाऱ्याच्या पेढीत हेडक्लार्क होते, तो साहेब मायदेशी परतताना त्यांना हे देऊन गेला. पुढे दोनच वर्षांत, ऐन तिशीत, ते प्लेगने गेले. मागे बायको राजलक्ष्मीबाई आणि दोन वर्षांचा वीरेंद्र. बाईंनी घड्याळ मखमलीच्या थैलीत घालून कपाटात ठेवलं, ते बेचाळीस वर्षं उघडलं नाही. वीरेंद्र मोठा झाला, वकील झाला. घड्याळ आईच्या कपाटात आहे एवढं त्याला ठाऊक होतं, पण त्याने ते पाहिलं होतं फक्त फोटोत.

भिवा दर शनिवारी त्या घरी दिवाणखान्यातल्या उंच घड्याळाला चावी द्यायला जात असे. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी बाईंनी त्याला आत बोलावलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला होता. त्यांनी घड्याळ पितळी तबकात ठेवलं आणि तबक चाचपडत पुढे सरकवलं. त्या घरात भिवाला वस्तू अशीच मिळायची, तबकातून. कोणी वाईट बोलत नसे, पण हात पुढे होत नसे.

“हे चालू कर,” बाई म्हणाल्या. “वीरेंद्रला बोलू नकोस. त्याच्या वाढदिवसाला चालतं घड्याळ त्याच्या हातात द्यायचंय मला.”

भिवाने ते पुरतं खोललं, धुतलं, जोडलं. आठवडाभर चालवून बघायचं आणि एकवीस तारखेच्या शनिवारी द्यायचं, असं ठरलं होतं. मध्येच हे सगळं उद्भवलं.

आता न्यायचं कसं? भिवाने फळीवरचं एक बंद पडलेलं गजराचं घड्याळ काढलं, आतलं यंत्र सगळं बाहेर काढून टाकलं, सोन्याचं घड्याळ फलालीनच्या मऊ कापडात गुंडाळून त्या पोकळीत बसवलं आणि पाठीचा पत्रा पुन्हा स्क्रूंनी घट्ट केला. गजराचं घड्याळ पिशवीत, वर दोन जुड्या मेथी. कौसल्येने दारात उभं राहून विचारलं, “तीनच्या आत येनार ना?” तो “हो” म्हणाला आणि जिना उतरला.

चिंचपोकळीपर्यंत रस्त्यात माणसं होती, पण कोणी कोणाशी बोलत नव्हतं. रस्त्यावर काचा, दगड, जळक्या टायरचा वास. भायखळ्याच्या पुलाशी पोलिसांनी दोर बांधला होता आणि एकेकाला तपासून सोडत होते. भिवाची पाळी आली. शिपाई घाटावरचा, तरणा, डोळे जागरणाने लाल.

“कोन रं तू?”

“फिरोजशाह घड्याळजींचा माणूस, साहेब. गिरगावला.”

हे उत्तर त्याच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की खोटं बोलतोय असंही त्याला वाटलं नाही. शिपायाने मेथी बाजूला केली आणि गजराचं घड्याळ वर काढलं. हलवलं. कानाला लावलं.

आठवडाभर चालवायचं म्हणून काल रात्रीच त्याने सोन्याच्या घड्याळाला चावी दिली होती. एवढी अक्कल खर्च करून यंत्र काढलं, कापड गुंडाळलं आणि चालू घड्याळ बंद करायचं मात्र तो विसरला होता! घड्याळजीच तो, चालतं घड्याळ थांबवायला त्याचा हात जाणार कसा?

“टिकटिक तर व्हतीया,” शिपाई म्हणाला. “मग काटं का हालंनात?”

“तेच तर दुरुस्त करायचंय, साहेब.”

शिपायाने एकदा घड्याळाकडे, एकदा भिवाकडे पाहिलं. पाठीच्या पत्र्यावरून त्याने अंगठा फिरवला. मागची रांग ओरडायला लागली होती. “जा,” तो म्हणाला आणि घड्याळ मेथीत टाकलं. पुढची शंभर पावलं भिवाने मागे वळून पाहिलं नाही.

आग्रीपाडा, लॅमिंग्टन रोड करत तो गिरगावात पोचला तेव्हा पावणेदोन झाले होते. धैर्यवानांच्या घराच्या कोपऱ्यावर पोलिसांची निळी गाडी उभी होती. दार वीरेंद्रनेच उघडलं. भिवाला बघून तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

“आलास? मला वाटलं, तू काही आता येत नाहीस.”

झालं होतं असं, की दंगल सुरू झाली तसं वीरेंद्रने घरातलं किडुकमिडुक एका जागी करायला आईचं कपाट उघडलं होतं. मखमलीची थैली रिकामी. आईने सांगितलं, भिवाकडे दिलंय. तो जिन्याखाली गेला तर फळ्या लावलेल्या. पावती नाही, पत्ता नाही, माणूस कुठल्या चाळीत राहतो ते कोणाला माहीत नाही. तीन दिवस तो आतल्या आत धुमसत होता. भिवाला हे दारातच उमगलं. खाली मान घालून त्याने गजराचं घड्याळ उघडलं, कापड सोडलं आणि सोन्याचं घड्याळ मेजावर ठेवलं. बाई आतून चाचपडत येऊन खुर्चीवर बसल्या.

“चालतंय?” त्यांनी विचारलं.

“चालतंय, बाईसाहेब. दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. एवढ्या वयाला ते पडणारच.”

वीरेंद्रने घड्याळ उचललं, पालथं केलं आणि चित्राकडे बघत राहिला. मग त्याने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर थोरल्या धैर्यवानांचा दीड हात उंचीचा, हाताने रंगवलेला फोटो होता. कोट, उपरणं, पगडी, गालावर तीळ. शेजारी तिवईवर एक छोटं मेजावरचं घड्याळ. आणि उंचावलेल्या डाव्या हातात हेच सोन्याचं घड्याळ, पाठ बघणाऱ्याकडे केलेली, चित्र दिसावं म्हणून.

“हे आमचं घड्याळ नाही,” वीरेंद्र म्हणाला.

भिवाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“इकडे ये. बघ. फोटोत घोडे डावीकडे धावतायत. आणि ह्यात?” त्याने घड्याळ भिवाच्या तोंडासमोर धरलं. “उजवीकडे.”

भिवाने बघितलं. खरंच होतं. या दिवाणखान्यात तो आठ वर्षं येत होता, पण उंच घड्याळ या भिंतीला आणि फोटो त्या भिंतीला. चावी देताना त्याची पाठ कायम फोटोकडे असायची. आज पहिल्यांदा त्याने फोटो नीट पाहिला, आणि त्यातले घोडे डावीकडेच चालले होते.

“साहेब, मी दुसरं कुठून आणणार? असं घड्याळ मुंबईत शोधून…”

“ते मला काय माहीत! तुमच्या धंद्यात काय काय चालतं ते मला सांगू नकोस. खरं कुठे आहे?”

बाईंनी हात पुढे केला. “माझ्याकडे दे ते.” वीरेंद्रने दिलं. त्यांनी ते दोन्ही तळव्यांत धरलं, अंगठा मोत्यांवरून फिरवला. “हेच आहे.”

“आई, तुला दिसत नाही.”

“हाताला दिसतं मला.”

“तुला बाबांचा तीळसुद्धा उजव्या गालावर आठवतो!” वीरेंद्र चिडून म्हणाला. “समोर फोटोत डाव्या गालावर दिसतोय आणि तू वर्षानुवर्षं उजवा, उजवा म्हणत बसतेस. तुझ्या आठवणीवर मी काय विश्वास ठेवू?”

हे बाईंनी पुष्कळदा ऐकलं असावं.

वीरेंद्रने घड्याळ परत घेतलं. वकील माणूस, त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. घड्याळजी लोक काम केलं की आत आपली खूण कोरतात. त्याने पाठीचं झाकण उघडलं, आतलं सोन्याचं साधं झाकण उजेडात धरलं. दोन परदेशी कारागिरांच्या फिकट खुणा होत्या. त्यांच्याखाली ताजी, चकचकीत, सुईने कोरलेली एक खूण. इंग्रजी एफ, आणि पुढे महिना-साल, १-५६.

“एफ म्हणजे कोण?”

भिवाने झाकणाकडे पाहिलं.

“फिरोजशाह,” तो म्हणाला.

“फिरोजशाहला जाऊन चार वर्षं झाली. मी स्वतः दुखवट्याला गेलो होतो. मेलेला माणूस ह्या महिन्यात घड्याळ दुरुस्त करून गेला?” वीरेंद्रचा आवाज एकदम खाली आला आणि तो जास्त भीतीदायक वाटला. “म्हणजे खोट्या सह्या करतोस तू. आणि मी तुझं बाकीचं खरं मानू?”

याला उत्तर होतं, पण ते भिवाने आजवर कौसल्येलासुद्धा दिलं नव्हतं. उभ्या उभ्या त्याला सगळं दिसलं. कोपऱ्यावरची निळी गाडी. लालबागचा माणूस, अंगावर लुटीच्या दिवसांत सोन्याचं घड्याळ, जवळ पावती नाही, आत खोटी खूण. कोण विचारत बसणार होतं त्याला? आणि सुटला जरी, तरी गिरगावात पुन्हा त्याच्या हातात साधं गजराचं घड्याळही कोणी देणार नव्हतं. चोवीस वर्षांत कमावलं होतं ते एवढंच, की भिवाकडे दिलेली वस्तू भिवाकडून परत येते. बाकी त्याच्यापाशी होतं काय?

वीरेंद्रने टेलिफोनचा रिसीव्हर उचलला. उंच घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“साहेब,” भिवा म्हणाला, “फोन करायचा तर करा. पण त्याआधी मला तो फोटो जवळून बघू द्या.”

“कशाला?”

“तुम्ही घड्याळ बघून बोललात. मी फोटो बघून बोलतो.”

या वेळी त्याच्या बोलण्यात ‘साहेब’ आलं नाही हे त्याच्याही लक्षात आलं नाही. वीरेंद्र हातात रिसीव्हर धरून थांबला. बाई म्हणाल्या, “काढून दे त्याला.” आणि अशा आवाजात म्हणाल्या की वीरेंद्रने रिसीव्हर ठेवला, स्टुलावर चढून फोटो उतरवला आणि खिडकीशी टेकवून ठेवला.

भिवाने खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि फोटोपुढे मांडी घातली. आधी त्याने घोडे बघितले. डावीकडेच धावत होते, त्यात काही फरक पडला नाही. मग हात बघितला, मग पुन्हा घोडे. मागे वीरेंद्रच्या बुटाची टाच फरशीवर वाजत होती. भिवाच्या कपाळावरून घाम भिंगाच्या कडेला उतरला, तो त्याने बाहीने पुसला. काही नव्हतं. हे घड्याळ आणि ते घड्याळ, मोत्यांसकट सगळं एक, फक्त तोंडं उलट. शेवटी उठायचं म्हणून त्याने हात टेकला, आणि सवयीने, घड्याळजी कुठेही गेला तरी किती वाजले ते बघतो तसं, तिवईवरच्या छोट्या घड्याळाकडे बघितलं.

रुपयाएवढी तबकडी. रोमन आकडे. पुसट होते, पण भिंगाखाली उभे राहिले. एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. मग भिंग डोळ्यावरून काढलं.

“साहेब, तीन वाजायची जागा घड्याळात कोणत्या हाताला असते?”

“हा काय प्रश्न झाला? उजव्या.”

“तीनाच्या तीन उभ्या रेघा. ह्या फोटोतल्या घड्याळात त्या कोणत्या हाताला आहेत तेवढं बघा.”

वीरेंद्रने भिंग घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा धरलेलं, त्यामुळे आधी त्याला सगळं धुरकट दिसलं. “डोळ्याला चिकटवा आणि तुम्ही पुढे व्हा,” भिवा म्हणाला. वीरेंद्र गुडघ्यांवर बसला, वाकला.

“डाव्या,” तो म्हणाला.

“असं घड्याळ जगात कोणी बनवत नाही. फोटो काढला तो बरोबर होता. काचेच्या निगेटिव्हवरून मोठा करून छापताना फोटोवाल्याने काच पालथी घातली. सगळंच उलटं छापलं गेलं. घोडेही.”

वीरेंद्रने भिंग कोटाकडे नेलं. कोटाची बटणं बायकांच्या पोलक्यासारखी उलट्या बाजूने लावलेली होती. चव्वेचाळीस वर्षं ती तशीच होती आणि त्या घरात रोज धूप फिरवणाऱ्या एकालाही ती दिसली नव्हती. मग त्याने भिंग गालावरच्या तिळाकडे नेलं आणि तिथेच थांबला.

“आई,” तो म्हणाला. “तीळ.”

“उजव्या,” बाई म्हणाल्या. “मी सांगतच होते.”

“आणि बाबा डावखुरे…”

“डावखुरे? ते कधी होते डावखुरे? कोणी सांगितलं तुला?”

कोणीच सांगितलं नव्हतं. फोटोत घड्याळ डाव्या हातात होतं, त्यावरून लहानपणी त्यानेच ठरवलं होतं. वीरेंद्र स्वतः उजव्या हाताचा, पण मनगटावरचं घड्याळ तो उजव्या हाताला बांधत असे, डावखुरी माणसं बांधतात तसं. भिवा आठ वर्षं बघत आला होता आणि मनात म्हणत आला होता, साहेबांची काहीतरी लकब असेल. आता त्याला त्या लकबीचा अर्थ लागला. वीरेंद्र खिडकीशी बसून डाव्या हाताने उजवं मनगट धरून होता आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. ज्याच्यावर दोन क्षणांपूर्वी भिवाचा जीव जळत होता, त्याचंच त्याला वाईट वाटायला लागलं. बापाला न पाहिलेल्या मुलाचं भिवाला नेहमीच वाईट वाटत असे.

पण वीरेंद्र वकील होता, आणि एक गोष्ट अजून शिल्लक होती. तो उठला, घसा साफ केला.

“मी चुकलो,” तो म्हणाला. “घड्याळ आमचंच आहे. पण ही खूण?”

आता भिवाला लपवावंसं वाटलं नाही.

“उस्ताद सांगायचे, घड्याळ ज्याने उघडलं त्याने आत नाव ठेवायचं. पुढचा उघडेल त्याला कळलं पाहिजे की आधी कोणाचा हात फिरलाय. ते गेल्यावर मी पहिलं घड्याळ दुरुस्त केलं तेव्हा सुई हातात घेतली, आणि माझं नाव काही हातातून उतरलं नाही. लोक पारशाच्या पाटीवर येतात. भिवा येलवे म्हटलं की दुसरा प्रश्न येतो, येलवे म्हणजे कोण, कुठले? मग घड्याळ परत मागतात. म्हणून पाटी ठेवली, खूणही ठेवली. चार वर्षं त्यांच्याच नावाने कोरतोय. चोरी म्हणाल तर एवढी एक केलीय.”

बाहेर लांबून पोलिसांच्या गाडीचा भोंगा ऐकू आला, कर्फ्यूला अर्धा तास उरल्याचं सांगत होता.

“सुई आहे तुझ्यापाशी?” बाईंनी विचारलं.

“असते, बाईसाहेब.”

“मग कोर नाव. हे घड्याळ तू उघडलंस ना?”

“बाईसाहेब, वेळ…”

“कोर.”

आणि त्यांनी घड्याळ त्याच्यापुढे धरलं. तबक कोपऱ्यातल्या मेजावर होतं, त्यांनी ते मागितलं नाही. भिवाने त्यांच्या तळव्यातून घड्याळ घेतलं. त्यांची बोटं गार होती.

भिंग डोळ्याला, सुई बोटांत. चोवीस वर्षांत त्याने देवनागरीत कधी काही कोरलं नव्हतं. ‘भ’ एवढा बारीक काढायचा कसा, हे ठरवायलाच त्याला मिनिट लागलं. पाठीवर मीनाकाम होतं, त्याला धक्का लागून चालणार नव्हतं, म्हणून हात अगदी हलका ठेवून तो एकेक रेघ ओढत गेला. वीरेंद्रने खिडकीचा पडदा सारून उजेड दिला आणि तसाच उभा राहिला. एफच्या खाली, परदेशी कारागिरांच्या रांगेत, तारखेसकट नाव बसलं. भिवाने फुंकर मारून सोन्याचा कण उडवला.

“वाचून दाखव,” बाई मुलाला म्हणाल्या.

वीरेंद्रने भिंग लावलं. आता त्याला धरायला जमत होतं. “भिवा येलवे,” त्याने वाचलं. “वीस, एक, छप्पन.”

भिवाने रिकामं गजराचं घड्याळ आणि मेथी पिशवीत टाकली आणि तो जवळजवळ पळतच निघाला. भायखळ्याच्या पुलाशी पोचला तेव्हा तीनला चार मिनिटं होती. दोर ओढून घ्यायचं चाललं होतं. तोच शिपाई तिथे होता. त्याने पिशवीत हात घातला, गजराचं घड्याळ काढून कानाला लावलं.

“आरं! आता तर टिकटिक बी बंद झाली.”

“हो, साहेब.”

“दुरुस्त करतो म्हनालास आन् पार मोडून आनलंस व्हय?” शिपायाला पहिल्यांदाच हसू आलं. मग त्याने दोर वर धरला. “कुनाचा मानूस म्हनालास तू मगाशी?”

भिवा दोराखालून वाकून पलीकडे गेला आणि सरळ उभा राहिला.

“कोणाचा नाही,” तो म्हणाला. “मी भिवा येलवे. घड्याळजी.”